गाय पान्हा का चोरते?
गोठ्यातल्या आणि खुराड्यातल्या नवलाचा थोडा इतिहास



दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागा वाढल्या, ट्रॅक्टर आले, तरी अजून पुष्कळ घरी एखादी गाय किंवा म्हैस, दोन-चार शेळ्या, पाच-दहा कोंबड्या आणि दाराशी कुत्रं असतंच. कुठे कुठे बैलजोडीही आहे. या जनावरांत रोज वावरणाऱ्या माणसाला पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असतं, हे आधीच मान्य करून टाकतो. पण रोज पाहूनही उलगडत नाहीत अशा काही गोष्टी राहतातच. घरधनीण बसली की चरवी भरते, आणि तिच्या जागी धनी बसला की तीच गाय पाय झाडते. चांगली खातीपिती म्हैस उकिरड्यावरचं हाड तोंडात धरून तासभर चघळत उभी राहते. रेडा मान वर करून ओठ मुडपतो, जणू हसतोच आहे. आणि दहा कोंबड्यांत एकच एक कोंबडी सगळ्यांचा मार खाते.

असं काही दिसलं की आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. दृष्ट लागली, नाहीतर कुणी करणी केली, नाहीतर मग जनावरच खोडील आहे. पहिल्या दोन उत्तरांनी पदरचा पैसा जातो. तिसऱ्या उत्तराने जनावराच्या पाठीवर काठी पडते. म्हणून या पत्रिकेत औषधांची यादी देण्याऐवजी, यातली काही कोडी माणसाला केव्हा आणि कशी सुटली, ते सांगायचं ठरवलं आहे.

सुरुवात पान्ह्यापासून करू. आपली भाषाच बघा. गाय दूध देईना तर आपण म्हणतो, "पान्हा चोरला." म्हणजे गाय चोर ठरली! दूध तिच्याजवळ आहे, ती मुद्दाम देत नाही, असा आपला समज. यात अर्धं खरं आहे. दूध कासेत असतंच. पण ते न सोडणं गाईच्या मनावर नसतं.

वासरू मेलं की गाय आटते, हा अनुभव फार जुना. त्यावर तोडगाही जुना आहे. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं करायचं, गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. दिसायला वाईट वाटतं, पण ज्याने हे प्रथम केलं त्याला एक मोठी गोष्ट उमगली होती. दूध नुसतं ओढून निघत नाही, गाईच्या डोळ्यांना आणि नाकाला काहीतरी पटावं लागतं. याच समजुतीचा क्रूर वापर म्हणजे 'फुंका'. गाईच्या मागच्या अंगातून फुंकणीने हवा किंवा दुसरं काही आत घालायचं, त्या ताणाने दूध उतरतं. कलकत्त्याकडचे गवळी असं करतात हे वाचून गांधीजींचं मन विटलं. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे मोठ्या दुखण्यात शेळीचं दूध घ्यायला ते तयार झाले, आणि हा पळवाटीचा मार्ग आपल्याला बोचतो असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने फुंका हा गुन्हा ठरवला.

हवा भरल्याने दूध का उतरतं, वासराने ढुशी दिल्याने का उतरतं, याचं कोडं विसाव्या शतकात सुटलं. १९१० साली अमेरिकेत ऑट आणि स्कॉट या दोघांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा ग्रंथीचा अर्क शेळीला टोचला आणि दूध वाहू लागलं. त्यानंतर १९४१ साली एली आणि पीटरसन यांनी जो प्रयोग केला तो ऐकून तुम्हाला हसू येईल. त्यांनी दुभत्या गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फुगवून फाड्‌फाड्‌ फोडल्या. गाय बिचकली, पान्हा गेला. पुढे त्यांच्या ध्यानात आलं की मांजराची गरजच नाही, नुसत्या पिशव्या पुरतात! त्यांनी कासेच्या एका बाजूची नसही तोडून पाहिली. तरी त्या बाजूला पान्हा आलाच. म्हणजे पान्ह्याचा निरोप नसेतून येत नाही, तो रक्तातून येतो.

हा निरोप म्हणजे ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य. वासराचं तोंड, कास धुतल्याचा गरम पाण्याचा स्पर्श, चरवीचा आवाज, आंबोणाचा वास, यांपैकी ओळखीचं काहीही झालं की मेंदूकडून ते रक्तात उतरतं. मिनिटभरात कासेत पोचतं आणि दुधाच्या बारीक पिशव्या आवळून दूध सडाकडे ढकलतं. त्याचा जोर फार तर पाच-सात मिनिटं टिकतो. धार काढता काढता मध्येच शेजाऱ्याशी बोलत बसलात तर जोर ओसरतो आणि शेवटचं, म्हणजे सगळ्यात दाट दूध आतच राहतं. गाय घाबरली, दुखावली, तर भीतीचं द्रव्य रक्तात येतं आणि ते पान्ह्याला आडवं येतं. आता काठीचा हिशेब करा. पान्हा चोरते म्हणून मारलं, मारलं म्हणून पान्हा गेला, पान्हा गेला म्हणून पुन्हा मारलं. चोर कोण ठरला?

म्हशीचं थोडं वेगळं. तिच्या कासेत खाली साठलेलं दूध फारच थोडं, बहुतेक सगळं वर पिशव्यांत असतं, आणि पान्हाही गाईपेक्षा सावकाश येतो. म्हणून म्हशीला आधी चोळून, आंबोण पुढे ठेवून दोन मिनिटं द्यावी लागतात. देशी गाय वासराशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. संकरित गाय पुष्कळदा वासरावाचूनही दूध देते. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था सुरू केली आणि संकराचा प्रसार महाराष्ट्रभर झाला. त्यानंतर घरात एकदम दोन तऱ्हेच्या गाई आल्या. जुन्या गाईची रीत नवीला आणि नवीची रीत जुनीला लावून पुष्कळांनी डोक्याला ताप करून घेतला.

१९५३ साली द्यू विन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं, त्याबद्दल त्याला १९५५ चं नोबेल मिळालं. बाळंतपणात स्त्रियांचे प्राण वाचवणारं हे औषध. पण आपल्याकडे काही गोठ्यांत ते रोज धारेआधी टोचण्याची वाईट सवय शिरली. फुंका गेला आणि सुई आली, एवढाच फरक! कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन, जनावराच्या तब्येतीला बाधेल असं काही दुधासाठी टोचणं हाही गुन्हा झाला आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रोज सुईची सवय लागलेली गाय सुईवाचून पान्हा सोडत नाही. त्यापेक्षा वेळ एक ठेवा, माणूस एक ठेवा, आवाज एक ठेवा. धारेच्या वेळी रोज आमचा कार्यक्रम चालू असेल तर गाय त्या आवाजालाही सरावते. तेव्हा एक दिवस कार्यक्रम आवडला नाही म्हणून रेडिओ एकदम बंद करू नका, निदान गाईसाठी तरी!

आता नंदीबैल. झूल पांघरलेला, शिंगांना गोंडे बांधलेला नंदी दारी आला, की तिरमली त्याला विचारतो, यंदा पाऊस पडेल का, आणि नंदी मान डोलावतो. लहानपणी आपण सगळे त्याला भुललो. मोठेपणी म्हणतो, सगळी फसवणूक. मला विचाराल तर दोन्हीही पुरतं खरं नाही. नंदीला पावसाचं काही कळत नाही, हे उघड आहे. पण मालकाचा हात, ढोलक्याचा ठेका, आवाजाचा चढउतार त्याला जे कळतं, ते आपल्याला समोर उभं राहूनही दिसत नाही.

याची परीक्षा युरोपात झाली ती एका घोड्यावर. बर्लिनमध्ये व्हिल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करी. उत्तराइतक्या वेळा टाप आपटून थांबे. १९०४ साली विद्वानांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने एक साधी युक्ती केली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल असं पाहिलं, किंवा घोड्याला विचारणारा दिसणार नाही असं पाहिलं. घोडा चुकू लागला. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत, अगदी केसभर हले, आणि घोडा ते पाहून थांबे. फुंग्स्टने हे १९०७ मध्ये छापलं. नवल असं की, हे गुपित कळल्यावर त्याने स्वतःची मान स्थिर ठेवायचा प्रयत्न केला, तरी त्याला ते पुरतं जमलं नाही.

म्हणजे जनावर आपल्याला वाचत असतं. हे कुणा परदेशी पंडिताने सांगायच्या आधी मोट हाकणाऱ्याला माहीत होतं. विजेचे पंप आणि तेलाची इंजिनं येण्याआधी दिंडोरीच्या विहिरींवर मोटा होत्या. भरलेली मोट वर येताना बैल धावेवरून खाली उतरत, हाकणारा नाड्यावर बसे. मोट रिकामी झाली की बैल पाठीमागे न बघता, उलट्या पावलांनी धाव चढत. बैलाला उलटं चालवणं किती अवघड, हे गाडी मागे घेताना तुम्ही पाहिलंच असेल. पण मोटेवरचा बैल शब्दावर आणि शिळेवर मागे येई. दोन बैलांतला डाव्या बाजूचा उजवीकडे जुंपला तर तोच शहाणा बैल गोंधळून जाई. शिकलेलं काम त्याने जागेसकट शिकलेलं असतं. बैल बाजारातून आणताना कुठल्या बाजूला चालतो हे विचारण्याची आपली रीत त्यातूनच आली, आणि ती बरोबरच आहे. नवा बैल अडला तर आधी आपला आवाज, आपला हात बदलला आहे का ते पाहा.

बैलांचा विषय निघाला म्हणून डांगी जातीचं एक वैशिष्ट्य सांगतो. नाशिक आणि अकोल्याचा डोंगरपट्टा हे तिचं घर, नाव पडलं ते डांग मुलखावरून. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात दुसरी जनावरं कुडकुडतात, तेव्हा डांगी खुशाल चरते. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही, आणि खूर काळे, दगडासारखे टणक. पावसात भिजणारी जनावरं दिसली की हळहळणाऱ्या पाहुण्याला हे जरूर सांगा. मात्र घाटाखालची किंवा संकरित गाय डांगीचं पाहून पावसात सोडू नका.

रेडा किंवा वळू हसतो त्याचं काय? तो गाईच्या मुताचा वास घेतो, मान वर करतो, वरचा ओठ मुडपून थोडा वेळ तसाच राहतो. टाळूच्या वर वास ओळखणारा एक निराळा अवयव असतो, त्याकडे तो वास ओढून घेत असतो. डेन्मार्कच्या लुडविग याकोबसन यांनी १८१३ साली या अवयवाचं वर्णन केलं. आपल्याला याचा उपयोग असा, की म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ती ओरडत नाही, उड्या मारत नाही, त्यातही माज रात्री नाहीतर पहाटे येतो. माणसाचा डोळा चुकतो, रेड्याचं नाक सहसा चुकत नाही. एक माज हुकला की तीन आठवडे गेले, आणि रिकाम्या म्हशीची वैरण काही थांबत नाही.

कोंबड्यांकडे वळू. नॉर्वेतल्या थॉर्लाइफ शेल्डरुप-एब्बे या मुलाला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद. कुणी कुणाला टोचलं, ते तो वहीत लिहून ठेवी. मोठेपणी, १९२१ च्या सुमारास, त्याने या नोंदींवर प्रबंध केला आणि जगाला कळलं की खुराड्यातलं टोचणं वेडंवाकडं नसतं. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, असं करत शेवटची फक्त मार खाते. कधी गंमतही होते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला! घराघरांत असं कुठे कुठे दिसतं, ते सोडा. एवढं लक्षात घ्या की नवी तलंग एकटी आणून भरदिवसा खुराड्यात सोडली तर सगळी उतरंड पुन्हा ठरते आणि रक्त निघतं. आणायच्याच तर दोन-तीन आणा, रात्री अंधारात सोडा, आणि दाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवा. गव्हाणीवर गाई-शेळ्यांतही हाच क्रम असतो. रोडावलेली शेळी आजारीच असेल असं नाही, तिला गव्हाणीपाशी कुणी येऊच देत नसेल.

आता मात्र जरा जपून ऐका, कारण पुढच्या गोष्टी जिवावरच्या आहेत.

गाय-म्हैस हाडं, चिंध्या, माती, भिंतीचा चुना चघळते तेव्हा बायाबापड्या घाबरतात. गाय हाड खाते म्हणजे काहीतरी अशुभ! दक्षिण आफ्रिकेत याच खोडीने हजारो गुरं मरत. ती अडखळत, लुळी पडत आणि मरत. अर्नल्ड थायलर या पशुवैद्याने पहिल्या महायुद्धानंतर लगेचच्या वर्षांत त्याची साखळी उलगडली. माळावरच्या चाऱ्यात फॉस्फरस कमी, म्हणून गुरांना हाडांची ओढ. हाडाला सडलेलं मांस चिकटलेलं, आणि त्या सडक्या मांसात जहर. फॉस्फरस पुरवल्यावर हाडाची ओढ कमी झाली. आपल्याकडेही पश्चिम पट्ट्यात, ननाशी-पेठच्या बाजूला पाऊस जमीन धुऊन नेतो, आणि भाताच्या पेंढ्यात फॉस्फरस थोडाच. व्यायल्यानंतर म्हशीला लाल लघवी होते तिचं एक कारणही हेच. दुभत्या जनावराला रोज ४० ते ५० ग्रॅम क्षारमिश्रण आंबोणातून द्या, जंताचं औषध वेळेवर पाजा. लाल लघवी दिसली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

बागायतदारांसाठी आणखी एक. द्राक्षाच्या मांडवाच्या तारेचे तुकडे छाटणीनंतर बांधावर, गवतात पडतात. गाय चारा चावून निवडत नाही, आधी गिळते आणि मग रवंथ करते. तार पोटाच्या पुढच्या कप्प्यात बसते आणि तिथून पडदा फोडून काळजापर्यंत जाते. अशा गाईचं वागणं चमत्कारिक दिसतं. ती उतारावरून खाली यायला तयार होत नाही, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून उभी राहते, बसताना कण्हते. तिला हट्टी समजून दाव्याने ओढू नका. काही देशांत गाईला मुद्दाम लोहचुंबक गिळायला देतात, तो तिच्या पोटात आयुष्यभर राहतो आणि खिळे-तारा धरून ठेवतो. आपल्याला सोपं ते हेच, की तारेचे तुकडे डब्यात गोळा करावे.

आणि पिसाळण्याविषयी. शांत गाय एकाएकी घोगऱ्या आवाजात सारखी हंबरू लागली, लाळ गळू लागली, पाणी गिळेना, तर घशात काही अडकलं असं वाटून माणूस तोंडात हात घालतो. हे कधीही करू नका! मागे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कुत्रं चावलं होतं का, आठवा. लाळेतून हा रोग जातो हे जर्मनीच्या झिंकेने १८०४ साली दाखवलं. पाश्चरने १८८५ साली पहिल्यांदा मुलाला लस टोचली. हिंदुस्थानात पाश्चर संस्था निघाली ती १९०० साली, कसौलीला. आज लस सरकारी दवाखान्यात मिळते, इतक्या दूर जावं लागत नाही. लाळ जखमेला किंवा खरचटलेल्या जागी लागली असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. अशा जनावराचं दूध कच्चं पिऊ नका, वासरालाही पाजू नका.

शेवटी बिबट्या. अश्विन वद्य द्वादशीला शहरात आणि बागायतीत वसुबारस असते, तेव्हा पेठ-सुरगाण्याकडे आणि दिंडोरीच्या डोंगरी भागात गुराखी वाघबारस करतात. वाघदेवाला आमची गुरं सांभाळ म्हणतात. वाघ गेले. पण करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड ही धरणं झाली, कालवे आले, कादवा कारखान्याचा ऊस उभा राहिला, आणि त्या उसात बिबट्या राहू लागला. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे जंगल नाही, नुसती शेती आहे, आणि तरी १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच बिबटे. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावठी कुत्र्यांचा.

म्हणून कुत्र्याचं वागणं पाहा. चोरावर तुटून पडणारं कुत्रं एखाद्या रात्री न भुंकता बाजेखाली येऊन दडतं. गुरं रवंथ थांबवतात, सगळी एकाच दिशेला तोंड करून कान टवकारतात, फुरफुरतात. त्यांना वास आधी लागतो, आपल्याला तो लागतच नाही. अशा वेळी कुत्र्याला भित्रं म्हणून बाहेर हाकलू नका, आणि बॅटरी घेऊन एकट्याने उसाच्या कडेला जाऊ नका. मुलांना घरात घ्या, शेळ्या-करडांना दार आणि छत असलेल्या खोलीत कोंडा, अंगणातला दिवा लावा, मोठ्याने बोला. उघड्यावर वाकून किंवा खाली बसून कुणी काम करत असेल, विशेषतः मूल, तर त्याला आधी आत बोलवा. बिबट्या दिसलाच तर त्याची वाट अडवू नका, त्याला घेरू नका, वन खात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

१९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. नाशिक जिल्हाही त्यांत होता. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग आपापलं सांगत आणि प्रश्न लिहून पाठवत. तुमच्या गोठ्यात असं काही नवल दिसलं तर तसंच करा. दिवस, वेळ, जनावर केव्हा व्यालं, आदल्या आठवड्यात चारा बदलला का, घरात धार काढणारं माणूस बदललं का, एवढं वहीच्या पानावर लिहा. ते पान घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, आणि त्याची एक नक्कल आम्हालाही पाठवा.